संत इग्नेशियसच्या चौदा रेघा

३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. नाशिकरोडला सेंट झेवियर्स आणि बाळ येशू मंदिरामुळे जेज्वीट फादर सगळ्यांना ठाऊक. त्यांचा संघ काढणारा माणूस मुळात शिपाईगडी होता.

प्रवचनात तोफगोळा हमखास येतो. २० मे १५२१, स्पेनमधलं पाम्प्लोना, समोर फ्रेंच फौज. गोळ्याने इग्नेशियसचा एक पाय मोडला, दुसराही जखमी झाला. हाड वाकडं जुळलं म्हणून पुन्हा मोडून बसवलं. तरी गुडघ्याखाली उंचवटा राहिला, घट्ट बूट चढेना. तर तो त्यांनी भूल नसताना कापून घेतला! निव्वळ मिरवण्यापायी. अंथरुणावर ख्रिस्तचरित्र आणि संतकथा वाचून मन पालटलं. मार्च १५२२ मध्ये स्पेनमधल्या माँटसेराटच्या मठात पवित्र मरियेपुढे रात्रभर जागून तलवार तिथेच ठेवली. शिपायाची शिस्त मात्र सुटली नाही, आणि मला तोफगोळ्यापेक्षा तीच महत्त्वाची वाटते.

त्यांची पूर्ण आध्यात्मिक साधना साधारण ३० दिवसांची, रोज पाच तास ध्यान. कामधंदा असणाऱ्यांना रोज दीड तासाची सवलत. तेवढंही जमत नसेल तर विशेष आत्मपरीक्षण करावं. त्याला लागते वही आणि पेन्सिल.

एकच दोष निवडायचा. 'राग' असा मोघम नको; 'मुलांवर ओरडणं' असा मोजता येईल असा हवा. उठल्याबरोबर निश्चय. दिवसात चूक झाली की तिथल्या तिथे छातीला हात लावायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. वहीत प्रत्येक वाराला दोन रेघा, आठवड्याच्या चौदा. दुपारी जेवणानंतर वरच्या रेघेवर, रात्री खालच्या रेघेवर, चुका तेवढे ठिपके. मग दुपारशी रात्र, कालशी आज, मागच्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहायचा. नोटांच्या प्रेसमध्ये किंवा सातपूरच्या कारखान्यांत पाळीत काम असेल तर आपल्या उठण्याची वेळ हीच सकाळ धरावी.

बिघडतं कुठे? दोन-तीन दोष एकदम घेतले की हिशेब पहिल्या चार दिवसांतच कोलमडतो. ठिपके सगळे रात्रीच मारायचे म्हटलं तर निम्म्या चुका आठवत नाहीत. याहून वाईट म्हणजे ठिपक्यांचाच ध्यास लागणं. खुद्द इग्नेशियस माँटसेराटनंतर मानरेसा गावी राहताना यात अडकले होते. तीच पापं पुन्हा पुन्हा कबूल करत, समाधान होईना, जीव देण्याचे विचार येऊ लागले. मग आठवडाभर अन्नच सोडलं. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी उपवास मोडायला लावला. तेव्हा वही पाहून धास्ती वाढू लागली तर रेघा थांबवाव्यात आणि फादरांशी बोलावं.

प्रार्थना कोरडी जाईल तेव्हा आधी केलेला निश्चय बदलायचा नाही, हा त्यांचा नियम. उलट ठरलेल्या तासाहून थोडं जास्तच बसायचं. घड्याळाकडे डोळे लागतात ते त्याच दिवशी.