पोर्ट

आमच्या आळीत सध्या ज्याला त्याला पोर्ट करायचंय. शेजारच्या नानांनी केलं, त्यांच्या सुनेनं केलं, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने तर दोन्ही नंबर केले. रत्नागिरीच्या आसपासची वस्ती म्हणजे सगळा चढउतार. एका कंपनीची रेंज सड्यावर फुल्ल आणि खाली वाडीत शून्य, दुसरीचं नेमकं उलट. मग माणूस घर हलवू शकत नाही म्हणून कंपनी हलवतो. "त्यात काय एवढं," नाना समजावतात, "पोर्ट लिहून पुढे आपला नंबर टाकायचा, एकोणीसशेला मेसेज करायचा, आठ अक्षरांचा कोड येतो, तो दुकानात दाखवायचा. झालं." ही सोय देशभर सुरू झाली ती २० जानेवारी २०११ ला. म्हणजे नंबर तोच ठेवून उचलून दुसरीकडे न्यायचा. या पोर्टच्या मुळाशी आहे लॅटिनमधलं 'पोर्तारे', वाहून नेणं.

गंमत म्हणजे गावाला पिढ्यान्‌पिढ्या खरंखुरं पोर्ट आहे, पण त्याला कोणी पोर्ट म्हणत नाही. ते बंदर. भगवती बंदर, मिरकरवाडा बंदर. फोनच्या तळाशी जे चिमुकलं भोक असतं ते मात्र चार्जिंग पोर्ट! परवा आमच्या फोनचं पोर्ट चार्ज घेईना म्हणून दुकानात दिलं. त्या पोराने डोळ्याला भिंग लावलं आणि पिनेच्या टोकाने आतून काय काय काढलं: खिशातल्या कापडाचा पिंजलेला धागा, लाल मातीची भुकटी आणि आतल्या पट्ट्यांवर चढलेला हिरवट कीट. "खारी हवा, काका. इथे सगळ्यांचंच असं होतं," म्हणत त्याने ब्रशाने थेंबभर द्रावण लावलं, फुंकर मारली. फोन टुणकन जागा झाला. मिरकरवाड्याचंही दुखणं तेच, तोंडाशी साचणारा गाळ. तिथे फक्त पिनेऐवजी ड्रेजर लागतो आणि तो यायला वर्षं जातात.

फोनचं हे पोर्ट 'वाहून नेणं'वालं नव्हे. ते दुसऱ्या घराण्यातलं. लॅटिनमध्ये तीन शब्द शेजारी शेजारी राहतात: 'पोर्तुस' म्हणजे बंदर, 'पोर्ता' म्हणजे दरवाजा आणि 'पोर्तारे' म्हणजे वाहणं. इंग्रजीत येईपर्यंत तिघांचेही कंगोरे झिजले आणि सगळ्यांचं मिळून पोर्ट झालं. जहाजाच्या कुशीतून तोफेचं तोंड बाहेर काढायला जी खिडकी असे ती पोर्ट. आपल्या किल्ल्यांच्या तटात जंग्या असतात तशी. ती दरवाजातली. फोनचं आणि संगणकाचं पोर्टही दरवाजातलंच. पुण्याला आयटीत असलेला भाचा सांगतो की संगणकाला अशी दारं ६५ हजारांवर असतात, क्रमांक घातलेली, आणि त्याची निम्मी नोकरी कुठलं उघडं ठेवायचं नि कुठलं बंद यातच जाते. 'पोर्टल'सुद्धा दरवाजाच. सातबारा काढायला गेल्यावर "पोर्टल बंद आहे" असं ऐकावं लागतं, तेव्हा शब्दशः दार बंद असतं.

या सरमिसळीचा कहर म्हणजे 'पोर्टर'. हॉटेलच्या दारात उभा राहतो तोही पोर्टर आणि स्टेशनवर बॅगा उचलतो तोही. पण हे मुळात दोन शब्द आहेत. एक दारावरून आला, दुसरा वाहण्यावरून. आपल्याकडे दरवान दारात आणि हमाल ओझ्याखाली, दोघांची भांडणं नाहीत. इंग्रजांनी दोघांना एकच सदरा शिवला. मला हे चिक्कूपणाचं वाटतं. जगभरचे शब्द गोळा करणारी भाषा, आणि इथे नेमका हात आखडता!

अर्थात आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. बंदर हा शब्द फारसी. बंदर अब्बास म्हणतात त्यातला. होडीचा नाखवा हा फारसीतला 'नाखुदा', नावेचा धनी. सुकाणू अरबांचं. हमालही तिकडलाच. समुद्रावरून जे जे आलं त्याला आपण मराठी केलं आणि विसरून गेलो. पण हिंदीतलं बंदर वेगळं, ते संस्कृत वानरापासून खाली उतरलेलं. या दोन बंदरांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे दिल्लीत वाढलेल्या नातवाला कोण सांगणार? ओळखीच्या एका घरी मे महिन्यात तो आला. आजोबा म्हणाले, चल, बंदरावर जाऊ. पोरगं स्वयंपाकघरातून दोन केळी घेऊन आलं. आता केळी कशाला न्यायची म्हणा, बंदर इथे स्वतःच परसात येतं आणि हापूसचे अर्धवट चावलेले आंबे खाली टाकून आपल्याला हिशेब देऊन जातं.

तर पोर्तुस. बंदरवाला. या शब्दाने एका अख्ख्या देशाचं बारसं केलं. दोरू नदीच्या मुखाशी रोमन लोकांचं 'पोर्तुस काले' होतं. त्याचं झालं पोर्तुगाल. तिथलंच शहर पोर्तो, म्हणजे नुसतं 'बंदर'. स्थानिक लोक 'ओ पोर्तो' म्हणत, 'ते बंदर' या अर्थी; इंग्रजांनी तेवढ्या सगळ्यालाच नाव समजून नकाशावर 'ओपोर्तो' लिहिलं. १५०८ च्या अखेरीस याच पोर्तुगालच्या फ्रांसिस्कु द आल्मेदाने इथून उत्तरेला असलेल्या दाभोळवर हल्ला केला आणि गाव जाळलं. दाभोळ त्या काळी या किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर. नावातच बंदर घेऊन फिरणाऱ्यांनी आमचं बंदर पेटवावं! पुढे त्यांनी बटाटा दिला, काजू दिला, पाव दिला, पगार हा शब्दही दिला आणि कलमं बांधून हापूसला अफोन्सो द आल्बुकर्क या आपल्या गव्हर्नरचं नाव दिलं, म्हणून आपण फारसं मनाला लावून घेत नाही.

त्याच पोर्तोहून जी वाईन निघायची ती पोर्ट वाईन. इंग्लंडचं फ्रान्सशी फाटलं आणि १७०३ च्या तहाने पोर्तुगालच्या वाईनवर जकात फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी झाली. मग इंग्रज तिच्यावर तुटून पडले. द्राक्षरस आंबत असतानाच मध्ये ब्रँडी ओतली की आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते, म्हणून ती गोड. समुद्रप्रवासातही टिकते. १७५६ मध्ये दोरूच्या खोऱ्याच्या हद्दी आखून टाकल्या, की पोर्ट म्हणायची ती इथलीच. आमच्याकडे त्या हद्दीला कोण विचारतो? गोव्याची पोर्ट वाईन ही सावंतवाडीपासून वरपर्यंत कित्येक सोवळ्या घरांतही औषध म्हणून खपते. आमच्या एका आत्याच्या कपाटात ती च्यवनप्राशच्या बरणीमागे असायची. चमच्याने घ्यायची, चेहरा वाकडा करून, आणि वर "रक्त वाढतं हो" असं ज्याने विचारलं नाही त्यालाही सांगायची.

जहाजाच्या डाव्या बाजूलाही पोर्ट म्हणतात, आणि तिथे बंदरच कामाला आलंय. पूर्वी सुकाणू म्हणजे गलबताच्या उजव्या कुशीला बांधलेलं मोठं वल्हं असे. ते धक्क्याला आपटून मोडू नये म्हणून गलबत डावी कूस लावून उभं करायचे. म्हणून उजवी 'स्टारबोर्ड', म्हणजे सुकाणूची बाजू, आणि डावी आधी 'लारबोर्ड', माल चढवायची. आता तुफानात शिडांच्या फडफडाटात एकाने ओरडायचं लारबोर्ड आणि दुसऱ्याने ऐकायचं स्टारबोर्ड, म्हणजे खडकावरच. शेवटी १८४४ साली ब्रिटिश नौदलाने हुकूम काढला की लारबोर्ड बंद, यापुढे पोर्ट म्हणा. आजही मासेमारीवरून परतणाऱ्या ट्रॉलरच्या डाव्या कुशीला लाल दिवा आणि उजवीला हिरवा असतो. पोर्ट वाईनही लाल, असं लक्षात ठेवावं. आत्याला हे आवडलं असतं.

हे सगळं खरं, पण मला या घराण्यातला सर्वांत आवडता शब्द वेगळाच आहे. 'ऑपॉर्च्युनिटी'. करिअर मार्गदर्शन शिबिरांच्या फलकांवर जो सुवर्णाक्षरांत असतो तो. मूळ लॅटिन अर्थ: बंदराच्या दिशेने वाहणारा. कोण वाहणारा? वारा. खलाशांचा शब्द. आमच्या शाळेत भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे होते. दिवसा जमीन तापते, समुद्राकडून वारा येतो, तो खारा. रात्री जमीन आधी निवते आणि वारा उलटा समुद्राकडे जातो, तो मतलई. परीक्षेत आम्ही दोन्हींच्या आकृत्या उलट्यासुलट्या काढल्या, पण शिडाच्या होड्या होत्या तेव्हा नाखव्यांचं वेळापत्रकच त्यावर चाले. पहाटे मतलईवर बाहेर पडायचं, दुपारी खाऱ्यावर घर गाठायचं. म्हणजे ऑपॉर्च्युनिटीला अस्सल कोकणी प्रतिशब्द खारा वाराच. ती दार ठोठावते वगैरे जे म्हणतात ते नंतरचं. आधी ती शिडात भरायची, आणि शीड वर नसेल तर तिचा काही उपयोग नव्हता. आता इंजिनं आली, वारा कुठूनही येवो. फक्त बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला की अजूनही सगळे मुकाट्याने होड्या दोरांना बांधून बसतात.

'पोर्तारे'चं गोत मात्र अफाट आहे. त्यातला प्रत्येक जण घरोघरी असतो. ट्रान्सपोर्ट म्हणजे पलीकडे वाहून नेणं. आपल्या एसटीतला 'टी' तोच. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी निघाली तेव्हापासून तो आपल्याला वाहतोय. सपोर्ट म्हणजे खालून उचलणं, गणपतीच्या पाटाला खालून हात लावतात तसं. मंत्र्याचा पोर्टफोलिओ म्हणजे कागद वाहायची पिशवी. त्यामुळे ज्यांच्याकडे बंदरे खातं येतं त्यांच्या पोर्टफोलिओत पोर्ट असतं. एक्स्पोर्ट म्हणजे बाहेर नेणं. 'एक्स्पोर्ट क्वालिटी' असं छापलेली आंब्याची पेटी भगवती बंदराकडे ढुंकून न बघता मुंबईला जाते. अमेरिकेला जायचं असेल तर वाशीला विकिरण घेऊन विमानात चढते. दारातला समुद्र आपला बसलाय लाटा मोजत.

आणि डिपोर्ट. हा शब्द रत्नागिरीकराला शिकवावा लागत नाही. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली, तिथल्या थिबा राजाला राण्यांसकट जहाजात घातलं आणि १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. त्याआधी दिल्लीच्या बहादूरशाह जफरला त्यांनी रंगूनला पाठवलं होतं. आता ब्रह्मदेशाचा राजा कोकणात. अशी राजांची अदलाबदल. त्याच्यासाठी राजवाडा बांधला तो १९१० च्या सुमाराला, म्हणजे राहायला नीट जागा मिळेपर्यंत माणूस पन्नाशीला आला. १९१६ साली तो इथेच गेला. थिबा पॉइंटवर संध्याकाळी भाट्याच्या खाडीचे फोटो काढायला गर्दी असते. डिपोर्ट करून ज्या गावी पाठवला ते गाव बंदराचं, पण त्याच्यासाठी तिथून एकही बोट सुटणार नव्हती.

पोर्टली हा शब्दही वाहण्यातलाच, स्वतःला ऐटीत वाहणारा, भारदस्त. पुढे त्याचा अर्थ पोट सुटलेला असा झाला. मराठी माणसाला तो पाठ करावा लागू नये. पोर्ट्रेट मात्र या घरातलं नाही. आडनाव सारखं, पण भाऊबंदकी नाही.

या तिन्ही लॅटिन शब्दांच्या मागे आणखी जुनं एक मूळ सांगतात, 'पेर', पलीकडे जाणं. संस्कृतात त्याचं झालं पार. आपण "पार गेला", "पार पडलं", "नदीपार" म्हणतो ते. लॅटिन-संस्कृतात जिथे प, तिथे इंग्रजीच्या जुन्या घरात फ असतो, आपला पितर तो त्यांचा फादर तसा. म्हणून त्याच मुळाचा तिकडे 'फेरी' झाला, म्हणजे तरीची बोट, आणि 'फेअर', म्हणजे तिचं भाडं. नॉर्वेच्या त्या फोटोतल्या खाड्या, फिओर्ड, त्याही याच्याच.

गेल्या हिवाळ्यात जयगडहून तवसाळला फेरीबोटीने जात होतो. रॅम्पवर पोरगा "अजून पाठी, अजून पाठी" करत गाड्या एकमेकींना चिकटवून लावत होता. आतेबहीण बरोबर होती. तिला एसटी लागते, बोट त्याहून लागते. काच वर करून, डोळे गच्च मिटून ती गाडीतच बसलेली. मी भाडं दिलं, पावती घेतली आणि तिचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून फेरी, फेअर, पोर्ट, सगळं सांगायला सुरुवात केली.

"आधी पार होऊ दे रे," ती डोळे न उघडता म्हणाली, "मग काय ते सांग. आणि पुढच्या खणातली आलेपाकाची वडी दे."