‘लिंक आहे’ म्हणजे नक्की कुठे लिंक आहे?

मातृवंदना योजनेचा अर्ज आशाताईंनी त्यांच्या मोबाइलवर भरून दिला. त्यात काहीच अडलं नाही. अडलं ते बँकेत.

पहिल्या बाळाला 5000 रुपये मिळतात. गरोदरपणाची नोंदणी आणि एक तपासणी झाली की 3000, बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की 2000. बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई म्हणून हे पैसे. माझं शिवणकाम सातव्या महिन्यात सुटलं. पैसे आले तेव्हा लेक रांगत होती.

आशाताई म्हणाल्या, पेमेंट परत गेलंय, खात्याला आधार लिंक करा. बँकेत गेले. काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “लिंक आहे.” महिन्याभराने परत गेले. “लिंक आहे.” तिसऱ्यांदा गेले तेव्हा कडेवर बाळ होतं, आणि ते माझ्यापेक्षा मोठ्याने बोलत होतं. तेव्हा कुठे साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या आधारचे शेवटचे चार आकडे, शेजारी हिरवी खूण. यावर काय बोलणार!

उलगडा केला सेवा केंद्रातल्या पोराने. “ताई, खात्याला आधार जोडलंय, पण आधारला हे खातं जोडलेलं नाही.” आधी वाटलं, चेष्टा करतोय. पण खरंच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, एकच आधार चार खात्यांना चालतं. थेट खात्यात येणारे सरकारी पैसे (डीबीटी) मात्र एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या यादीत तुमच्या आधारपुढे जी एक बँक असेल, तिथेच जातात. माझ्या आधारपुढे निघाली कॉलेजात स्कॉलरशिपसाठी उघडलेल्या खात्याची बँक. ते खातं कधीच बंद पडलेलं.

आधारपुढे कुठली बँक आहे, हे आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग’मध्ये (सीडिंग म्हणजे आधारला खातं जोडणं) दोन मिनिटांत दिसतं. अर्ज करायच्या आधीच बघून घ्या. ओटीपी येतो, म्हणून आधारला चालू मोबाइल नंबर हवा.

चौथ्यांदा गेले ती शब्द पाठ करूनच. “लिंक नको, डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करायचंय, संमतीचा फॉर्म द्या.” फॉर्म लगेच निघाला, ड्रॉवरमध्येच होता! भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स काढून त्यावर पोच म्हणून शिक्का मारून घेतला. ते टाळत होते, मी हलले नाही. पाचव्या दिवशी वेबसाइटवर नव्या बँकेचं नाव दिसलं.

हो, एक राहिलंच. अर्जात नाव आधारवर आहे तसंच टाका. माझ्या आधारवर अजून माहेरचं आडनाव आहे, मी तेच लिहिलं. आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर 6000 एकरकमी मिळतात, तेव्हा जावेला आत्ताच सीडिंग बघायला लावलंय.

पुढे पासबुक भरायला गेले तर दोन्ही हप्ते छापून आले. साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “बघा, मी म्हटलं नव्हतं, लिंक आहे?”