स्टँड अपडेट: पीळ सापडला, मागच्या बाजूचा बेत बदलला

माशांच्या टाकीसाठी लाकडी स्टँड बनवतोय. चिकटवताना लावलेले क्लॅम्प काढले आणि चौकट डुगडुगायला लागली. चिकटवण्याआधी कोरडी जुळवून पाहिली तेव्हा सगळं सरळ होतं.

मागच्या वेळी दाखवलेले अर्ध्या खाचेचे सांधे (दोन्ही लाकडं अर्धी-अर्धी कापून एकमेकांत बसवलेले) मात्र झक्क बसलेत. लाकडी हातोडीने दोनदा ठोकलं की आत, नखही शिरत नाही. पायांची टोकं थेट वरच्या पट्ट्यांखाली आलीत, त्यामुळे वजन लाकडावरून लाकडावर उतरतं आणि स्क्रूंना नुसतं धरून ठेवायचं काम राहतं.

आता डुगडुग. दोन्ही कर्ण टेपने मोजले, तंतोतंत सारखे. पण त्यावरून चौकट काटकोनात आहे एवढंच कळतं, पीळ, म्हणजे चारही कोपरे एका पातळीत नसणं, दिसत नाही. लेव्हल (पाणसळ) ठेवली तर पुढची कड एक सांगते, मागची दुसरंच. मग स्टँड पाव फेरा (९० अंश) फिरवला. पायाखालची फट जागच्या जागी राहिली तर दोष फरशीचा, पायाबरोबर फिरली तर स्टँडचा. माझी पायाबरोबर फिरली, आणि वर थोडी कमीही झाली. म्हणजे दोघांचं संगनमत! फरशीचं सोपं आहे, पायाखाली पाचर मारली की झालं. पिळाला तसं चालत नाही.

शेवटी दोऱ्यांनी सोडवलं. समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन दोऱ्या ताणून बांधायच्या. मध्ये एकमेकींना दाबत असतील किंवा त्यांच्यात फट असेल, तर पीळ आहे. वरची दोरी खाली घेऊन पुन्हा बघायचं, म्हणजे दोरीच्या जाडीने फसगत होत नाही. मी गळाची नायलॉन दोरी वापरली (माशांनी माफ करावं). मध्ये दीड मिलिमीटर फट निघाली. इथे एक गंमत आहे: मध्ये दीड म्हणजे तीन कोपरे टेकवले तर चौथा तब्बल तीन मिलिमीटर वर.

टाकीखाली फोम टाक, सगळं जिरून जाईल, असं सांगणारे भेटतात. मला पटत नाही. वाळूचा कण किंवा स्क्रूचं डोकं फोम झाकतो, पीळ झाकत नाही. टाकी १२०×४५×६० सेंमी आहे, बाहेरच्या मापाने ३२४ लिटर. काच, वाळू, दगड धरले तर ४०० किलोच्या पुढे. एवढं ओझं कोपऱ्यांवर असमान आलं की तो ताण काच आणि सिलिकॉन सोसणार.

म्हणून उंच कर्णाच्या दोन्ही टोकांना दीड-दीड मिलिमीटर रंधा मारतोय, मधल्या बाजूकडे कमी-कमी करत. पातं ताजं धार लावलेलं हवं. सांध्यापाशी लाकडाच्या रेषा आडव्या जातात आणि बोथट पातं तिथे ढलपे उपटतं. एक कोपरा झाला, दोऱ्यांतली फट निम्मी झाली! लेव्हलच्या बाबतीत एकच सांगतो: वीतभर लांबीची प्लॅस्टिकची लेव्हल या कामाला खेळणं आहे. सरळ ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप आणि त्यावर लेव्हल, हे कधीही बरं. आणि लाकूड ज्यांच्याकडून घेतलं ते ‘पूर्ण वाळलेलं’ म्हणाले होते. रंध्याखालून निघणारी ढलपी हाताला गार लागतेय, म्हणजे आत अजून ओल असावी.

लाकूड अजून वाळणार असेल, तर पीळ पुन्हा येईल. हे लिहितानाच डोक्यात आलं: मागची बाजू पाइपांसाठी उघडी ठेवणार होतो, ती आता बंद करतो. दुसरा कोपरा झाला की फ्रेम पाचरींवर सपाट बसवायची, दोऱ्या टेकल्या की १२ मिमी प्लाय चिकटवून आणि स्क्रू मारून टाकायचा. डावी-उजवी डुलणंही थांबेल. पाइपांना दोन भोकं पुरतात, त्यांच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करेन.

पण मग संप (स्टँडच्या आत बसणारी फिल्टरची टाकी) आत कसा जाणार? मागून सरकवायचा होता. पुढचा मधला खांब काढणार नाही, नाहीतर १२० सेंमीची पट्टी झोळ घेईल. म्हणून डावी बाजू न चिकटवता नुसती स्क्रूवर ठेवतोय, तिथून संप सरकवता येईल. मात्र डावीकडच्या भिंतीपासून तेवढी जागा सोडावी लागेल, आणि टाकी उजवीकडे सरकली तर लाइटची वायर पुरतेय का ते अजून मोजायचंय.