रोपं मिळाली, पण जागा कोण देणार?

वनमहोत्सवात रोपं मिळवणं कठीण असेल असं मला वाटायचं, पण ते सगळ्यात सोपं निघालं. वन खात्याच्या नर्सरीत अर्ज दिला, कुठली हवीत ते लिहून दिलं आणि काम झालं. घोळ सगळा जागेचा. आमचा गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, वाड्यावर यंदा काहीतरी नीट करूया असं ठरलं, शाळेची फेरी आणि फोटो एवढंच नको. मग जागा शोधायला निघालो.

रस्त्याच्या कडेला म्हटलं तर वरून विजेच्या तारा, म्हणजे झाड वाढलं की लाईनमन येऊन शेंडा छाटणार, आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची पाईपलाईन. मैदानाच्या कडेला पोरांचा विरोध, बॉल अडकतो म्हणे. राहिली लोकांची स्वतःची भाटं, म्हणजे घराभोवतीच्या बागा. तिथे मला खरं उत्तर मिळालं. एक काका सरळ म्हणाले, "लावीन रे, पण उद्या मुलाला घर वाढवायचं झालं तर कापायची परवानगी तू आणून देणार?" बोलणं खोटं नाही. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने स्वतःच्या जमिनीतलं झाड कापायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि त्या धाकाने माणसं मोठं होणारं झाड लावतच नाहीत. कायदा हवाच, तो नसता तर काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको. २०१६ मध्ये माडाला झाडाच्या व्याख्येतूनच बाहेर काढलं होतं, मग एवढी ओरड झाली की परत आत घेतला आणि वर राज्यवृक्ष केला! पण काकांची भीती काही त्याने जात नाही.

वाट काढली शेजारच्या काकीने. ती म्हणाली, "सावलीची झाडं कशाला सांगत फिरताय, माटोळीची लावा ना, मग बघ." चवथीला गणपतीच्या वर जी माटोळी, म्हणजे फळं-पानं टांगलेली लाकडी चौकट, बांधतात तिला रानातली फळं लागतात, आंबाडे, माट्टीची फळं, कुड्याच्या शेंगा, तोरंजन, सुपारीचं शिपटं. पूर्वी पोरं रानात जाऊन आणायची, आता बहुतेक घरं चवथीच्या बाजारात विकत घेतात आणि भाव ऐकून कपाळाला हात लावतात. काकीचा मुद्दा असा पटला की देवळाच्या कमिटीने मागच्या बाजूची पडीक जागा दिली, आणि तेच मघाचे काका घराच्या कोपऱ्यात आंबाडा लावतो म्हणाले. परवानगीचा प्रश्न त्यांनी परत काढलाच नाही.

खड्डे मारायचं काम मात्र घाम काढणारं. आमच्याकडे वरची माती वीतभर, खाली चिरा, म्हणजे जांभा दगड. मे मध्ये पहार मारली की ठिणगी उडते, म्हणून पहिले एक-दोन पाऊस पडू दिले आणि मग कुदळीला हात घातला, दीड फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल. चिऱ्यात खड्डा मारला की पावसात त्याची टाकी होते, पाणी साचून मुळं कुजतात, हे एका जुन्या कुळागरवाल्याने (सुपारी-नारळाची बाग करणाऱ्याने) सांगितलं म्हणून उताराच्या बाजूने चर काढली आणि रोप खड्ड्यात खोल न बसवता मातीचा उंचवटा करून त्यावर बसवलं.

१९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी केंद्रात मंत्री असताना वनमहोत्सव सुरू केला तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आणि ते आम्हाला बरोबर जुळतं, कारण तोवर पाऊस धरलेला असतो आणि रोपाला मुळं सोडायला पुढे दोन-तीन महिने मिळतात. त्या दिवशी पंच आले, सरपंच आले, भाषण झालं, फोटो झाले, सांगण्यासारखं फार नाही. एक मात्र बघितलं, पाहुण्यांनी लावलेल्या रोपांच्या प्लास्टिकच्या पिशव्या तशाच होत्या. ते गेल्यावर पोरांनी सगळी परत काढून पिशव्या फाडून लावली.

पुढे गुरं. मोकाट गुरांना नवं रोप म्हणजे मेजवानी, तेव्हा बांबूच्या काठ्या आणि भोवती करवंदीच्या काटेरी फांद्या. लोखंडी गार्डचा खर्च विचारला आणि तो विषय तिथेच मिटवला. खरी परीक्षा पाऊस गेल्यावर, फेब्रुवारी ते मे. नारळाची सोडणं बुंध्याभोवती उलटी मांडली की ओल टिकते, आणि पाणी प्रत्येक घराने आपापल्या रोपाला घालायचं ठरलंय. माटोळीच्या आशेने घालतील असं वाटतंय, निदान आंबाड्याला तरी. माट्टीला फळ धरायला वर्षं जातील, तिच्याबद्दल मला जरा शंका आहे.

कुड्याची रोपं मात्र नर्सरीत मिळाली नाहीत. कुणाच्या भाटात कुडा असेल तर यंदा चवथीला सगळ्या शेंगा माटोळीला बांधू नका. थोड्या झाडावर पिकू द्या आणि फुटायच्या आधी काढून ठेवा, कारण बी कापसासारखं वाऱ्यावर उडून जातं. मी येऊन घेऊन जाईन.