आडव्या रेघेचा गुन्हा

"हे तू स्वतः लिहिलंयस ना?" मैत्रिणीने विचारलं. आमच्या एका मित्राला पाठवायचं सांत्वनाचं पत्र मी तिला दाखवलं होतं. तिने पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. "काय लिहावं कळत नाही — तरी लिहितोय." शब्दांबद्दल तिची तक्रार नव्हती. संशय होता त्या आडव्या रेघेवर. हल्ली म्हणे डॅश दिसला की समजावं, लिहिणारं यंत्र आहे!

त्या रेघेच्या जागी मी खरोखरच दहा मिनिटं नुसता बसून होतो. अख्ख्या पत्रात माझं असं काही असेल, तर तेवढंच.

व्याकरणाच्या पुस्तकात हिचं नाव अपसारणचिन्ह. शाळेत पाच मार्कांपुरतं पाठ करून विसरण्याचं. खरं तर ही सगळीच चिन्हं आपल्याकडे उशिरा आली. मोडी लिपीत मजकूर सलग धावायचा, शब्दांमध्येसुद्धा जागा सोडत नसत. एकोणिसाव्या शतकात इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडींनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुजवली. तेव्हाही कुणीतरी स्वल्पविरामाकडे बघून 'हे आपल्या माणसाचं लिहिणं नव्हे' म्हणालं असेलच.

यंत्र तरी डॅश शिकलं कुठून? माणसांनी लिहिलेल्या मजकुरातूनच. म्हणजे उसनं त्याने घ्यायचं आणि चोर आपण ठरायचं. बरं, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच यंत्राचा मजकूर ओळखणारं एक साधन जानेवारी २०२३मध्ये आणलं होतं. नेमकं ओळखता येईना, म्हणून जुलैत गुंडाळलं. माझी मैत्रीण मात्र चष्म्याशिवाय ओळखते.

"एखादी चूक ठेव मुद्दाम," तिने सल्ला दिला. "ऱ्हस्व-दीर्घाची. मग कुणाला शंका येणार नाही." ज्या वेलांट्यांपायी लहानपणी वहीभर लाल शाई सोसली, त्याच आता माणूस असल्याचा दाखला!

तरीही प्रयत्न केला. 'आणि'ची वेलांटी काढून दुसरी द्यायची, एवढंच. हात धजेना. शेवटी डोळे मिटून 'आणी' टाइप केलं, पुढचा शब्द लिहिला आणि वर पाहिलं.

फोनने परस्पर 'आणि' करून ठेवलं होतं.