'इन्स्पायर'चे दहा हजार आणि बँकेच्या सहा खेपा

आधी खातं बघा. विद्यार्थ्याचं बँक खातं चालू आहे का, हे जूनमध्येच बघा; कल्पना, मॉडेल, चार्ट सगळं नंतर. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर सहा खेपांचं पेट्रोल वाचलं असतं.

मी तासगाव तालुक्यात विज्ञान शिकवतो. 'इन्स्पायर मानक' म्हणजे शाळकरी मुलांच्या विज्ञानातल्या नव्या कल्पनांना पैसे देणारी केंद्र सरकारची योजना. तिच्यासाठी एका शाळेला पाच मुलांच्या कल्पना पाठवता येतात. निवड झाली की मॉडेल बनवायला 10,000 रुपये थेट मुलाच्या खात्यावर येतात. शाळेच्या नव्हे, मुलाच्या. सगळी मेख तिथं आहे.

आमच्या आठवीतल्या पोरीची कल्पना बेदाण्याच्या शेडची. रॅकवर द्राक्षं पडली की दोन आठवडे अख्खं घर आभाळाकडं बघत असतं. अवकाळी आला आणि कडेचा प्लॅस्टिकचा कागद सोडायला उशीर झाला की बेदाणा काळा पडतो. तिचं म्हणणं, पहिल्या थेंबाला शेडनंच ओरडावं आणि जमलं तर कागदही आपला आपण सोडावा. फॉर्म भरला, यादीत नाव आलं, पेढे वाटले. शेजारच्या शाळेतल्या पोराचे पैसे आले. हिचे येईनात.

बँक गावापासून नऊ किलोमीटरवर. पहिल्या खेपेला कळलं, खातं इनऑपरेटिव्ह. पहिलीत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं, नंतर ना रुपया आला ना गेला. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं झोपतं. "केवायसी करा, पालकांना आणा."

दुसऱ्या खेपेला वडील आले, तर त्यांचा अंगठा लागेना. छाटणी आणि औषधं मारून बोटांच्या रेषाच पुसल्यात. बोट शर्टाला पुसलं, फुंकर मारली, दहाही बोटं लावून झाली. मशीनचा दिवा लालच. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पाव्हणं, पायाचा लावा." तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर.

चौथी खेप कायमची लक्षात राहील. नाव जुळत नाही म्हणे. खातं उघडताना कुणीतरी नावाआधीचं 'कु.' इंग्रजीत टाकलेलं, आणि सिस्टीमनं तेच तिचं पहिलं नाव धरलेलं. तिचं खरं नाव वडिलांच्या जागी, वडिलांचं आडनावाच्या जागी, आडनाव गायब. मी म्हटलं, "अहो मॅडम, कु. म्हणजे कुमारी." त्या म्हणाल्या, "मला कळतंय हो सर. ह्याला कळत नाही," आणि कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं. पाचव्या खेपेला बोनाफाईड नेलं, त्यावरही आमच्याच क्लार्कनं सवयीनं 'कु.' लिहिलेलं! मी तिथंच कपाळावर हात मारला. सहाव्या खेपेला 'कु.' नसलेलं बोनाफाईड, आधारची झेरॉक्स, वडिलांची सही, आणि काम दहा मिनिटांत.

पोरगी मात्र पैशासाठी थांबली नव्हती. बीसी 547 ट्रान्झिस्टर, बझर आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढ्यावर तिनं ऑक्टोबरातच सुरुवात केली. (किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910पासून आमच्या शेजारी, पण सोल्डर गन हातात धरलेली ही आमच्या शाळेतली पहिली मुलगी.) तांब्याच्या दोन पट्ट्या जवळजवळ लावायच्या, मध्ये पाणी आलं की ट्रान्झिस्टरच्या बेसला किंचित करंट जातो आणि बझर वाजतो. बोअरच्या पाण्यानं खणखणीत वाजला. परतीच्या पावसात नुसता कुईं. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, वीज नीट वाहत नाही. मग तिनं मिठात भिजवून वाळवलेली चिंधी पट्ट्यांवर ठेवली. थेंबासरशी आवाज! डिसेंबरात पहाटे चारला वडिलांचा फोन: "सर, पाऊस न्हाई आणि तुमचं यंत्र वरडाय लागलंय." मीठ दव ओढत होतं. शेवटी चिंधी काढली, किंचित करंटही पुरावा म्हणून जोडीला आणखी एक ट्रान्झिस्टर लावला आणि पट्ट्या अजून जवळ आणल्या. पट्ट्या हिरव्या पडतात, आठवड्याला पॉलिश पेपर मारावा लागतो.

हो, कल्पना मुलाच्याच शब्दांत लिहू द्या. दुकानातलं तयार 'स्मार्ट डस्टबिन' पाठवू नका, परीक्षकांनी ते शंभरदा पाहिलेलं असतं. आणि खातं जागं झाल्यावर शंभर रुपये भरून पन्नास काढा, म्हणजे ते दोन वर्षं तरी पुन्हा झोपणार नाही.

पैसे जानेवारीत आले. कागद सोडायला भंगारातून बारा व्होल्टची वायपर मोटर घेतली, अजून ती कागद अर्ध्यावर अडकवते. पैसे जमा झाल्याची नोंद पासबुकात घ्यायला गेलो होतो. प्रिंटर बंद आहे, उद्या या म्हणाले.