स्वतःच्या बोटीने दुसऱ्या देशात शिरताना लागणारे कागद

विमानाने परदेशात गेलं की आपल्या वाट्याला फक्त पासपोर्ट, व्हिसा आणि एक रांग येते. बाकीचं सगळं एअरलाइनने आधीच केलेलं असतं, म्हणजे प्रवाशांची यादी पाठवणं, विमान कुठे रजिस्टर आहे ते सांगणं, आत काय माल आहे, कोणी आजारी आहे का, सगळं. स्वतःच्या शिडाच्या बोटीने गेलात की ही सगळी कामं तुमच्या डोक्यावर येतात, कारण कायद्याच्या हिशेबात तुम्ही कप्तान आणि तुमची ती दहा-बारा मीटरची बोट म्हणजे परदेशातून आलेलं जहाज. मोठ्या मालवाहू जहाजाला जे फॉर्म लागतात त्यांचीच धाकटी भावंडं तुम्हाला भरायला मिळतात.

नवीन लोक या कागदांना उगाच घाबरतात असं मला वाटतं, आणि घाबरण्याचं कारण एवढंच असतं की समोरचा ऑफिसर नक्की कशाकडे बघतोय ते कोणी सांगितलेलं नसतं. बंदरात तुम्हाला साधारण चार खाती भेटतात. इमिग्रेशन फक्त माणसं बघतं. कस्टम्सच्या दृष्टीने तुमची बोट हा आयात झालेला माल, त्यावर ड्युटी लागते की नाही एवढाच त्यांचा प्रश्न. क्वारंटाइन किंवा बायोसिक्युरिटीवाले तुमचे कांदे, मध, मांजर आणि बोटीचा तळ बघतात. आणि पोर्ट कॅप्टन किंवा हार्बर मास्टर जहाज म्हणून बोट बघतो, कुठून आली, कुठे जाणार, कुठल्या देशाचा झेंडा. काही देशांत दोन खाती एकाच खिडकीत असतात, काही ठिकाणी चार ऑफिसं गावाच्या चार टोकांना असतात आणि ठरलेल्या क्रमानेच जावं लागतं, पण प्रश्न तेच. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलाही फॉर्म हातात आला तरी तो कोणाचा आहे आणि का आहे ते कळतं.

याच्या मागे समुद्राचा कायदा आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारात किनाऱ्यापासून १२ सागरी मैल हा त्या देशाचा समुद्र आणि २४ मैलांपर्यंतच्या पट्ट्यात त्या देशाला चार बाबतींत कायदा लागू करता येतो: कस्टम्स, कर, इमिग्रेशन आणि आरोग्य. म्हणजे बंदरावरची खाती ही कोणा एका देशाने काढलेली कटकट नाही, सगळ्या जगात ती तशीच असण्याला आधार आहे. त्याच करारात असंही आहे की परक्या देशाच्या समुद्रातून निरुपद्रवी मार्गाने जाता येतं पण ते न थांबता, सलग. नांगर टाकायचा तर नेहमीच्या प्रवासाचा भाग म्हणून किंवा संकट आलं म्हणून. "वाटेत छान खाडी दिसली म्हणून एक रात्र थांबलो, क्लिअरन्स, म्हणजे देशात शिरण्याचे हे कागद, उद्या करू" हे त्यात बसत नाही, आणि बहुतेक देशांत हा दंडाचा गुन्हा आहे.

फिजीचं उदाहरण बघा म्हणजे हा नियम किती टोचतो ते कळेल. पूर्वेकडून, टोंगाच्या बाजूने येणाऱ्या बोटींना आधी फिजीचीच लाऊ बेटं लागतात, अप्रतिम जागा, आणि मोह होतोच. पण क्लिअरन्स सुवा, लौटोका, सावुसावु अशा ठरलेल्या प्रवेश बंदरांतच, म्हणून बहुतेक जण लाऊ डाव्या-उजव्या हाताला सोडून पुढे जातात, कागद करतात, आणि परत लाऊ बघायचं असेल तर वाऱ्याच्या विरुद्ध उलटं येतात. कष्टाचं आहे पण दुसरा रस्ता नाही. त्यामुळे नकाशावर मार्ग आखताना पहिला ठिपका कायम प्रवेश बंदराचा असावा, सुंदर खाडीचा नाही.

आता आगाऊ सूचना. अनेक देशांना आता तुम्ही येताय हे आधी कळायला हवं असतं आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. न्यूझीलंड आणि फिजीला किमान ४८ तास आधी, ऑस्ट्रेलियाला उशिरात उशिरा १२ तास आधी, ब्रिटनला निघण्याच्या आधी २४ ते २ तासांच्या मध्ये. शिडाची बोट वाऱ्यावर चालते, ठरलेल्या वेळेला पोचतेच असं नाही, आणि हे त्या ऑफिसांनाही माहीत असतं, म्हणून वेळ बदलली की कळवत राहायचं एवढंच. सॅटेलाइट फोन किंवा तसला काही मेसेज पाठवायचा सेट बोटीवर असेल तर समुद्रातून कळवता येतं, नसेल तर निघण्याआधीच किनाऱ्यावरून फॉर्म पाठवून ठेवा. कॅरिबियनमध्ये बरीच बेटं सेलक्लिअर नावाच्या ऑनलाइन सिस्टिमवर आहेत, आधी माहिती भरायची आणि ऑफिसात फक्त नंबर सांगायचा. मार्टिनिकमध्ये तर बोटीचं सामान विकणाऱ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्वतःच टाइप करून प्रिंट घ्यायची, दुकानदार शिक्का मारतो, झालं. इतकं सोपं असू शकतं हे बघून मला खरंच आनंद होतो आणि सगळीकडे तसं व्हावं असं मनापासून वाटतं.

त्या देशाच्या पाण्यात शिरलं की पिवळा झेंडा वर. हा क्यू अक्षराचा झेंडा, अर्थ असा की माझ्या बोटीवर सगळे निरोगी आहेत, मला आत येण्याची परवानगी द्या. हा उजव्या बाजूच्या स्प्रेडरखाली, म्हणजे डोलकाठीच्या आडव्या दांडीखाली, लावतात आणि सगळी खाती झाल्यावर उतरवून त्या जागी यजमान देशाचा छोटा झेंडा चढवतात. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यापासून फ्रान्समधून इंग्लंडला एका दिवसात येणाऱ्या बोटीलाही १२ मैलांच्या आत पिवळा झेंडा लागतो, आधी लागत नव्हता. झेंडा वर असेपर्यंत कोणीही जमिनीवर पाय ठेवायचा नाही, फार तर कप्तान एकटा कागद घेऊन ऑफिसात जातो, तेही तिथला नियम परवानगी देत असेल तर. न्यूझीलंडच्या ओपुआ बंदरात क्वारंटाइनचा धक्काच वेगळा आहे, तिथे बोट बांधायची आणि ऑफिसर येईपर्यंत थांबायचं. शेजारच्या बोटीशी गप्पा मारायला उतरणंसुद्धा चालत नाही.

बायोसिक्युरिटीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण लोक सगळ्यात कमी तयारी याचीच करतात, आणि मला स्वतःला चारही खात्यांत हे खातं सगळ्यात पटतं. बेटांवरचं जंगल आणि शेती एका किड्याने, एका बुरशीने उद्ध्वस्त होऊ शकते. त्यामुळे ताजी फळं, भाज्या, मांस, अंडी, मध, उगवू शकणारं बी हे सगळं न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात बघितलं जातं आणि बरंचसं काढून घेतलं जातं. उपाय साधा आहे, शेवटच्या आठवड्यात फ्रिज आणि डबे संपवत आणायचे, काय उरलंय त्याची यादी करायची आणि सगळं सांगून टाकायचं. सांगितलेली वस्तू फार तर पिशवीत जाते, लपवलेली वस्तू दंड घेऊन येते. कुत्रा-मांजर असेल तर त्याचं प्रकरण महिनोन्महिने आधी सुरू करावं लागतं, रेबीजची लस, रक्ताची टेस्ट, मायक्रोचिप, आणि तरीही काही देशांत प्राण्याला बोटीवरच कोंडून ठेवावं लागतं.

आणि तळ. पाण्याखाली बोटीला शेवाळ, शिंपले, बार्नेकल नावाचे कवचाचे छोटे जीव चिकटतात आणि त्यांच्याबरोबर एका समुद्रातले जीव दुसऱ्या समुद्रात जातात. न्यूझीलंडने मे २०१८ पासून नियम लागू केला की तुमची बोट २१ दिवस किंवा जास्त राहणार असेल तर तळावर बुळबुळीत थर आणि गूज बार्नेकल (बार्नेकलचाच देठ असलेला एक प्रकार) सोडून काही नको. येण्याआधीच्या ३० दिवसांत तळ साफ केल्याचा पुरावा दाखवला तर काम होतं, म्हणून बोट दुरुस्तीच्या यार्डाची पावती, तळावर जीव चिकटू न देणाऱ्या अँटीफाउलिंग रंगाचं बिल, तारखेसकट पाण्याखालचे फोटो, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. ऑस्ट्रेलियाही जून २०२२ पासून बायोफाउलिंगची, म्हणजे तळाला चिकटलेल्या जीवांची, माहिती मागते. गॅलापागोसला तर पाणबुड्या उतरवून तळ बघतात आणि घाण दिसली तर लांब समुद्रात जाऊन साफ करून या म्हणतात, शिवाय तिथे एजंट घेतल्याशिवाय बोटीचं परमिटच मिळत नाही.

माणसांच्या कागदांत एक गोष्ट लोकांना धक्का देते. विमानाने जाताना ज्या सवलतीवर व्हिसा लागत नाही ती खासगी बोटीला लागू होईलच असं नाही. अमेरिकेत व्हिसा माफीची योजना फक्त करार केलेल्या वाहतूक कंपन्यांनी येणाऱ्यांसाठी आहे, तुमची बोट ती कंपनी नाही, म्हणून युरोपियन पासपोर्टवाल्यालाही स्वतःच्या बोटीने यायचं तर आधी दूतावासात जाऊन व्हिसा घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे बोटीवरची सगळी माणसं क्रू लिस्टमध्ये क्रू म्हणूनच लिहा. मित्राला प्रवासी म्हणून लिहिलंत की काही ठिकाणी पैसे घेऊन माणसं नेताय का असा प्रश्न येतो आणि मग धंद्याच्या बोटीचे नियम सुरू. आणि कोणाला मध्येच उतरवायचं असेल तर त्याच्या हातात परतीचं तिकीट हवं आणि त्याचं नाव लिस्टमधून रीतसर कमी करायला हवं, कारण बऱ्याच देशांत त्याला घरी पाठवायची जबाबदारी कप्तानाची असते. उलट कोणी विमानाने येऊन बोटीवर चढणार असेल आणि एकतर्फी तिकीट असेल तर एअरलाइनला दाखवायला कप्तानाचं सही-शिक्क्याचं पत्र आणि बोटीच्या रजिस्ट्रेशनची कॉपी त्याला आधीच पाठवा.

कस्टम्सचं घड्याळ वेगळं चालतं, हे फार महत्त्वाचं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशात नोंदलेली आणि बाहेरच राहणाऱ्या मालकाची बोट १८ महिने व्हॅट न भरता राहू शकते, पण शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकच व्हिसा चालणाऱ्या देशांच्या गटात, व्हिसामाफीवर किंवा छोट्या व्हिसावर आलेल्या माणसाला १८० पैकी ९० दिवसच. म्हणजे बोट कायदेशीर आणि तुम्ही बेकायदेशीर अशी अवस्था सहज येते, बोट मरीनात, म्हणजे खासगी बोटींच्या धक्क्यावर, ठेवून तुम्ही बाहेर जाऊन दिवस काढायचे. बोटीचे १८ महिने संपत आले की अनेक जण तुर्कस्तान, ट्युनिशिया, मॉन्टेनेग्रो अशा ठिकाणी जाऊन येतात, बोट पुन्हा आत आली की नवीन मुदत सुरू होते. फक्त बाहेर गेल्याचा पुरावा, म्हणजे कस्टम्सचा शिक्का किंवा मरीनाची तारखेची पावती, जपून ठेवायची.

मालकी सिद्ध करणारा कागदही कस्टम्सलाच हवा असतो. ब्रिटनच्या छोट्या बोटींच्या रजिस्टरचं सर्टिफिकेट राष्ट्रीयत्व दाखवतं पण मालकी सिद्ध करत नाही, त्यामुळे खरेदीखत, व्हॅट भरल्याची पावती बरोबर हवी. बोट दुसऱ्याच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर मालकाचं परवानगीपत्र, जमलं तर नोटरी केलेलं. आउटबोर्ड इंजिन, डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी), रडार, लाइफराफ्ट (जीव वाचवायचा तराफा) यांच्या सिरियल नंबरची यादी तयार ठेवा. दारू, सिगारेट, रोख रक्कम, औषधं लिहून द्या, आणि मॉर्फिन-कोडीनसारखी औषधं मेडिकल बॉक्समध्ये असतील तर डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन पाहिजेच. बंदूक असेल तर बऱ्याच देशांत ती सील होते किंवा ऑफिसात जमा होते, आणि परत घ्यायला त्याच बंदरात यावं लागतं, सगळा मार्ग त्यामुळे बदलतो.

एक छोटी वस्तू सगळ्यांना सांगतो, बोटीचा रबरी शिक्का करून घ्या. नाव, रजिस्ट्रेशन नंबर, कुठलं बंदर, जमलं तर छोटं चित्र. कायद्याने लागत नाही पण कागदावर सहीशेजारी शिक्का असला की काही देशांत काम भराभर पुढे सरकतं. क्रू लिस्टच्या भरपूर प्रिंट आधीच काढून ठेवा, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पाच नंबरच्या फॉर्मच्या धर्तीवर, नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट नंबर, बोटीवरचं काम.

निघताना सुद्धा क्लिअरन्स लागतो आणि घाईत लोक तो टाळतात. पण पुढच्या देशाच्या ऑफिसात पहिला कागद हाच मागतात, आधीच्या बंदराने दिलेला निघण्याचा दाखला, स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत ज्याला झार्पे म्हणतात. तो नसेल तर काही ठिकाणी दंड होतो, काही ठिकाणी परत पाठवतात. त्यावर पुढचं बंदर लिहिलेलं असतं, म्हणून वाटेत दोन-तीन बेटांवर थांबायचा विचार असेल तर "आणि मधली बंदरं" असं लिहून मिळतं का ते विचारून घ्या. दाखला मिळाल्यावर साधारण एका दिवसात निघायचं असतं, मुदत प्रत्येक ठिकाणी वेगळी. हवामान बिघडलं तर बाहेर पडू नका, ऑफिसात जाऊन किंवा रेडिओवर सांगा की थांबतोय, तारीख वाढवून देतात. आणि निघाल्यावर वादळामुळे वाटेतल्या देशात आसरा घ्यावा लागला तर रेडिओच्या चॅनल १६ वर लगेच कळवा, वेळ आणि कारण लॉगबुकात लिहा, आणि कोणी विचारायला येईपर्यंत बोटीवरच थांबा.